ऑर्बिका आणि लाल पेन्सिल

माझा मुलगा अनिकेत सध्या एका गहन विषयाचा अभ्यास करतो आहे. अमुक कंपनीचा गेम खेळायचा डबा बाजारात मागे का पडला आणि तमुक कंपनीचा पुढे का गेला, यावर मोबाइलमधला एक माणूस पाऊण तास बोलतो आणि अनिकेत ताट मांडीवर घेऊन ते ऐकतो. वरण गार होतं, पण ज्ञान वाढतं. परवा तो हळहळून म्हणाला, "आई, मशीन सगळ्यांत भारी होतं गं. चित्र भारी, आवाज भारी. तरी हरलं." मी म्हटलं, "शेजारच्या घरात ते नसेल, म्हणून हरलं." इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेली मुलं आपल्या आईकडे ज्या दयेनं बघतात, त्या दयेनं त्यानं माझ्याकडे बघितलं आणि व्हिडिओ पुन्हा सुरू केला. त्याला काय माहीत, की त्याच्या आईनं आठवीत असताना याच विषयावर तीन महिने खाटेवर पडून संशोधन केलेलं आहे.

आम्ही नाशिक रोडला नोटा छापायच्या सरकारी प्रेसच्या कॉलनीत तळमजल्यावर राहायचो. दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं तुळतुळीत झाडलेलं अंगण आणि तिथं आईनं लावलेली कढीपत्त्याची दोन झाडं. मी एकुलती एक. त्या वर्षी दिवाळीनंतर माझे गुडघे सुजले, मग घोटे, मग मनगटं, आणि ताप काही उतरेना. डॉक्टरांनी सांध्यांचा ताप असं त्याचं नाव सांगितलं, माझ्या छातीला नळी लावून बराच वेळ ऐकलं, आणि दुखणं हृदयावर जाऊ नये म्हणून तीन महिने खाटेवरून उतरायचं नाही असा हुकूम काढला. दर तीन आठवड्यांनी एक इंजेक्शन, ज्याच्या आठवणीनं माझी कंबर आजही दुखते. शिवाय मीठ कमी. घरातली खाट पुढच्या खोलीत खिडकीला लावून टाकली आणि मी तिथं पडून राहू लागले. सकाळी प्रेसचा भोंगा, मग सायकलींच्या घंट्या, मग बायकांच्या नळावरच्या गप्पा, दुपारी स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीची शिट्टी. देवळालीकडे तोफांचा सराव सुरू झाला की मांडणीवरची पातेली थरथरायची आणि आई न बघता हात लावून ती थांबवायची. बघायला येणाऱ्यांसाठी ती पोहे करायची, त्यात शेंगदाणे, हिरवी मिरची, वरून लिंबू. मला मुगाची अळणी खिचडी. पोह्यांचा वास मात्र डॉक्टरांनी बंद केलेला नव्हता.

पहिल्या आठवड्यात अख्खी कॉलनी येऊन गेली. माझ्या वर्गातल्या मुली आल्या, पेरू आणले, माझ्या सुजलेल्या गुडघ्याला बोट लावून बघितलं. शेजारच्या क्वार्टरमधली वैशाली रोज संध्याकाळी यायची. ती माझी जिवाभावाची मैत्रीण होती, बालवाडीपासूनची. दुसऱ्या आठवड्यात ती एक दिवसाआड आली. चौथ्या आठवड्यात खिडकीतून "कशी आहेस गं सुजाता?" असं विचारून, उत्तर येईपर्यंत कोपऱ्यावर पोचलेली असायची. तिचंही काही चुकत नव्हतं. आजारी माणसापाशी बोलायला विषय लवकर संपतात आणि त्याच सुमारास कॉलनीत टीव्हीवरच्या गेमची साथ आली होती, जी माझ्या तापापेक्षा जास्त वेगानं पसरली. मला मरायची भीती वाटत नव्हती, कारण हृदय मला विज्ञानाच्या पुस्तकातल्या आकृतीपुरतंच माहीत होतं. मी खाटेवरून उतरेन तेव्हा वैशालीला माझी गरजच उरलेली नसेल, ही भीती मात्र मला दिवसभर वाटायची. मी ते आईला सांगितलंही, रडून सांगितलं. आईनं पप्पांना सांगितलं, "अहो, तो टीव्हीवरचा गेम घेऊन या. पोरी खेळायला तरी येतील."

इथं पप्पांविषयी सांगायला हवं. पप्पा प्रेसमध्ये छापून आलेले कागद तपासायच्या कामावर होते. कामाबद्दल ते घरात चकार शब्द काढत नसत, त्यामुळे सगळ्या नोकरीतून आम्हाला दोनच गोष्टी कळल्या होत्या. कागदात दोष सापडला की लाल पेन्सिलीनं रद्द लिहायचं, तारीख आणि सही करायची, ही एक. आणि रद्द झालेला कागद दाराबाहेर जात नाही, ही दुसरी. एवढ्या दोन नियमांवर त्यांनी घरही चालवलं. शर्टाच्या खिशात लाल पेन्सिल आणि पाकिटात छोटं भिंग कायम. लग्नपत्रिका आली की आधी भिंग निघायचं. लाल रंग सोनेरी रेघेच्या केसभर बाहेर गेलेला दिसला की वधूपक्षाविषयी त्यांचं मत जे खराब व्हायचं ते पंगतीत जिलेबी वाढेपर्यंत सुधारायचं नाही. एकदा साबणाचं वेष्टन नकली निघालं, तर त्यांनी त्यावर रद्द लिहून, तारीख घालून, सही करून ते साबणासकट माळ्यावर ठेवलं. पुढचा साबण येईपर्यंत आम्ही डाळीच्या पिठानं अंघोळ केली. आईच्या भाकरीची गोलाईसुद्धा ते डोळे बारीक करून बघायचे, पण तिथं लाल पेन्सिल काढायची हिंमत त्यांना कधी झाली नाही.

कॉलनीतली सगळी गेमची मशीन देवळाली कॅम्पच्या बाजारातून यायची. राखी रंगाचा डबा, दोन रिमोट, एक प्लास्टिकची बंदूक आणि एका कॅसेटमध्ये इतके गेम, की वेष्टनावर छापलेला आकडा वाचतानाच दम लागायचा. प्रत्यक्षात आठ-नऊ गेम उलटसुलट करून तेच तेच यायचे. सगळं मशीन नकली, कॅसेट नकली, बंदूक तर बंदूक म्हणूनही नकली. पप्पा रविवारी तिथं गेले, खोक्याला भिंग लावलं आणि रिकाम्या हातानं परत आले. "खोक्यावरचा रंगसुद्धा जागेवर नाही," ते आईला म्हणाले, "असलं घरात आणायचं? मी?" पुढच्या आठवड्यात ते नाशिकला एका मोठ्या दुकानात गेले आणि ऑर्बिका नावाचं मशीन घेऊन आले. काळं, जड, चंदेरी अक्षरांचं, सोबत गॅरंटी कार्ड, त्यावर चकचकीत शिक्का. त्यांनी ते खोकं माझ्या खाटेवर असं ठेवलं, जसं काही बाळंतपणाहून घरी आणलेलं मूल ठेवावं. "ओरिजिनल आहे," ते म्हणाले. मी आनंदानं ओरडले. त्यांनी मला सगळं गॅरंटी कार्ड वाचून दाखवलं, अटी आणि शर्तींसकट.

ऑर्बिकाची महती मी आजही निःपक्षपातीपणे सांगू शकते. तिचं चित्र जास्त स्वच्छ होतं, आवाज जास्त गोड होता, वायर जाड होती, रिमोट हातात नीट बसायचा, आणि ती तापत नसे. तिच्यात दोष एकच होता, की ती आमच्याखेरीज कुणाकडेच नव्हती. बरोबर एकच कॅसेट आली होती, तीत बर्फाच्या डोंगरावरून घसरत जाणारा एक माणूस आणि वाटेत रोवलेले झेंडे. नाशिककरांचा बर्फाशी संबंध गोळ्याच्या गाडीपुरता, तरी कंपनीला वाटलं की इथं हेच खपेल. बाकीच्या चाळीस कॅसेट पुढच्या महिन्यात येणार, असं दुकानदारानं पप्पांना सांगितलं होतं. त्या अजून यायच्या आहेत. अनिकेतच्या मोबाइलमधला माणूस अशा आश्वासनाला इंग्रजीत काहीतरी भारदस्त म्हणतो.

त्याच संध्याकाळी वैशाली चार मैत्रिणींना घेऊन आली, फ्रॉकच्या ओच्यात आपल्या कॅसेट भरून. कॉलनीत दर रविवारी सकाळी पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर कॅसेटची अदलाबदल चालायची आणि तिची सर्वेसर्वा वैशाली होती. एक द्यायची, एक घ्यायची, आठवड्यानं फुंकून स्वच्छ करून परत करायची. अडकत अडकत चालणारी कॅसेट असेल तर दोन देऊन एक मिळायची. ज्याच्याकडे द्यायला काही नाही, त्याला कट्ट्यावर बसायलाही जागा नसे. वैशालीनं तिची एक कॅसेट ऑर्बिकात घालायचा प्रयत्न केला. ती बोटभर अरुंद होती, आत खुळखुळली. वैशालीनं फुंकली, उलटी केली, पुन्हा फुंकली. "जबरदस्ती करू नकोस बाळा," पप्पा अभिमानानं म्हणाले, "ही वेगळी आहे. ओरिजिनल." मग मुलींनी बर्फाचा गेम बघितला. पाच मिनिटांत तो सगळा बघून झाला. "छान आहे हं काका," वैशाली म्हणाली. पोहे खाऊन झाल्यावर त्या गेल्या आणि नंतर ऑर्बिकासाठी कुणीही आलं नाही.

पुढच्या आठवड्यात सायखेड्याहून मामा आला, पिशवीभर कोथिंबीर आणि मेथी घेऊन. त्यानं मशीन हातात घेऊन तोललं, टीव्हीवरचा बर्फ बघितला आणि दोन वाक्यांत सगळ्या बाजाराचा निकाल लावला. "दाजी, वस्तू लय भारी हाय, त्यात काय वाद नाय. पन दुसऱ्या कुनाकडंच नाय तं तिचा उपेग काय? आमच्या गावात एकानं असाच भारी पंप आनला व्हता परदेशातला. पानी असं फेकायचा! एक वायसर गेला त्याचा, आख्ख्या तालुक्यात मिळंना. आता कोंबड्या बसत्यात त्याच्यावर."

"पंपाची गोष्ट वेगळी," पप्पा म्हणाले.

"पंपाला निदान अंडी तरी मिळत्यात," मामा म्हणाला आणि चहा बशीत ओतला. हाच विचार मांडायला मोबाइलमधल्या माणसाला पाऊण तास आणि तीन आलेख लागतात.

मग सुरू झाले ते पाच-सहा आठवडे, ज्यांच्याबद्दल मला खरं लिहायचं आहे. पप्पा ड्यूटीवरून यायचे, अंगणात पाय धुवायचे, चहात खारी बुडवून खायचे आणि स्टूल ओढून माझ्या खाटेशी बसायचे. मग आम्ही दोघं बर्फावरून घसरायचो. पप्पांसारखा वाईट खेळाडू मी आजवर पाहिला नाही. त्यांचा माणूस प्रत्येक झेंड्यापाशी थांबायचा. "अहो पप्पा, पळवा त्याला!" मी ओरडायची. "थांब, झेंडा नीट बघू दे," ते म्हणायचे. अर्ध्या डोंगरावरच त्यांचं घड्याळ संपायचं. पण तिसरं झाड आणि सातवं झाड एकच आहे, फक्त फिरवून लावलंय, हे त्यांनीच शोधलं. ढगांचे फक्त दोन छाप आहेत, हेही. मी रोज जिंकायची आणि रोज त्यांना चिडवायची, "काय ओरिजिनल पप्पा, हरलात?" ते हसायचे. ओरिजिनल हा शब्द ते स्वतः मात्र पहिल्या दिवसानंतर वापरेनासे झाले होते. मला वाटलं, माझ्या चिडवण्यानं त्यांना पुरतं थकवलं आहे.

वैशालीचा वाढदिवस आला. आमच्या आणि त्यांच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत होती आणि माझी खाट त्या भिंतीला लागून. दुपारपासून मला पलीकडचं सगळं ऐकू येत होतं, गेमचं टुणटुण संगीत, "आता माझी पाळी!", टाळ्या, कुणीतरी मेल्यावर होणारा एकत्र हाहाकार. मला बोलावलं नव्हतं, कारण मी उठू शकत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. वैशालीच्या आईनं केकचा तुकडा, वेफर्स आणि थोडा चिवडा कागदी बशीतून पाठवला. वैशाली स्वतः बशी द्यायलाही आली नाही. मीठ असल्यामुळे वेफर्स आणि चिवडा आईनं बाजूला काढून ठेवला. संध्याकाळी पप्पा आले, पाय धुतले, स्टूल ओढलं आणि रिमोट हातात घेतला. त्यांच्या समाधानी चेहऱ्याकडे बघून माझ्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "तुम्हाला फक्त खरं-खोटं कळतं. माणसं कळत नाहीत. तुमच्यामुळे मी एकटी पडले. तुम्ही आणि तुमचं ओरिजिनल बसा दोघं खेळत."

आई स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथंच थांबली. पप्पांनी रिमोट खाली ठेवला, त्याची वायर व्यवस्थित गुंडाळली, टीव्ही बंद केला आणि मागच्या अंगणात जाऊन उभे राहिले. मी भिंतीकडे तोंड करून पडले. पलीकडे अजून खेळ चालू होता.

रविवारी सकाळी ते काही न सांगता बाहेर पडले, देवळाली कॅम्पच्या बसमध्ये बसले आणि दुपारी जेवणाच्या वेळेला एक राखी डबा घेऊन आले. तोच, बंदुकीवाला. दुकानदाराला त्यांनी एकामागून एक चौदा डबे उघडायला लावले होते. भिंगानं प्रत्येकाची छपाई, प्रत्येकाचा जोड तपासला होता. "सगळ्यांत कमी खोटं हे होतं," ते आईला म्हणाले. मग त्यांनी खिशातून लाल पेन्सिल काढली आणि मशीनच्या पाठीवर, सगळ्यांना दिसेल असं, ठसठशीत लिहिलं, रद्द. खाली तारीख, खाली सही. प्लास्टिकवर पेन्सिल उमटेना, तर काचकागदानं जागा घासून घेतली आणि पुन्हा लिहिलं. "आता हे नकली नाही," ते मला म्हणाले. "आता हे रद्द आहे. रद्द झालेलं दाराबाहेर जात नाही. ज्याला खेळायचं त्यानं इथं यावं."

संध्याकाळपर्यंत आमचं घर भरलं. हळदीकुंकवालाही एवढी गर्दी होत नसे. पाठीवर रद्द लिहिलेलं मशीन सगळ्यांना बघायचं होतं, आणि ते उसनं मिळत नाही म्हटल्यावर वैशालीची अख्खी बाजारपेठ माझ्या खाटेवर भरू लागली. रविवारचा कट्टासुद्धा आमच्या अंगणात आला. कॉलनीतली पोरं म्हणायची, "चल, रद्दवर खेळू." आई पातेलंभर पोहे करायची आणि तेवढ्यात संपायचे. वैशाली पुन्हा माझ्या उशाशी बसायला लागली, माझी वेणी घालून द्यायला लागली. मला हवं होतं ते सगळं मिळालं. पप्पा ड्यूटीवरून आले की पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे, म्हणून ते मागच्या दारानं आत येऊन स्वयंपाकघरात पाटावर बसून चहात खारी बुडवायचे. ऑर्बिका खोक्यात घालून माळ्यावर गेली. डॉक्टरांनी मला उठायची परवानगी दिली, हृदय ठीक निघालं, मी शाळेत जाऊ लागले. बर्फाचा गेम मी पप्पांबरोबर पुन्हा कधीच खेळले नाही. त्यांनीही कधी खेळू या म्हटलं नाही.

वाढदिवसाच्या त्या संध्याकाळी मी बोललेलं वाक्य मात्र माझ्याबरोबर मोठं झालं. माझ्या लग्नात, अनिकेतच्या जन्माच्या वेळी, पप्पा रिटायर झाले त्या दिवशी, दर वेळी मी ठरवायची की आज माफी मागू. मग वाटायचं, ते विसरले असतील, उगाच कशाला आठवण करून द्या. एका माणसाचं एक तत्त्व होतं, आणि ते मी तेराव्या वर्षी एका वाक्यात मोडायला लावलं, असं मी धरून चालले होते. सहा वर्षांपूर्वी पप्पा गेले. माफी राहून गेली. ज्या वैशालीसाठी मी हे केलं, ती आता रोज सकाळी मोबाइलवर गुलाबाचं चित्र पाठवते, आणि तेही तिला दुसऱ्या कुणी पाठवलेलं असतं.

तर परवाच्या त्या व्हिडिओनंतर अनिकेतला मी ऑर्बिकाची गोष्ट सांगितली. आईच्या सामानाबरोबर आमच्या माळ्यावर आलेलं खोकं त्यानं काढलं, फोटो कुठंतरी टाकला, आणि दोन दिवसांत गंगापूर रोडवरून हर्षद नावाचा एक तरुण गाडी घेऊन हजर झाला. जुनी, बाजारात आपटलेली मशीन जमवणं हा त्याचा छंद. जे मशीन जितकं जास्त आपटलेलं तितकं त्याला प्रिय. त्यानं हातमोजे घातले, भिंग काढलं, आणि मला पप्पांची इतकी आठवण झाली की मी उठून त्याला चहा टाकला. आई, आता चौऱ्याहत्तरची, सोफ्यावर लसूण सोलत बसली होती. हर्षदनं पेचकस घेऊन मशीनच्या तळाचे चार स्क्रू काढले, झाकण उचललं, आत बघितलं आणि भिंग पुन्हा डोळ्याला लावलं.

"मॅडम, वाईट वाटून घेऊ नका," तो म्हणाला, "हे ओरिजिनल नाही. आतला सगळा माल कॉपीचा आहे." मग त्यानं झाकण उलटं केलं. "आणि हे इथं कुणी लिहिलंय?"

झाकणाच्या आतल्या बाजूला, काचकागदानं घासलेल्या जागेवर, लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं, रद्द. खाली तारीख, खाली पप्पांची सही. मी खोक्यातलं गॅरंटी कार्ड काढलं. खरेदीची तारीख आदल्या दिवसाची होती.

जे मशीन ओरिजिनल असून कुणी घेत नव्हतं, त्याचीसुद्धा कुणीतरी मेहनतीनं नक्कल केली होती. इतका आशावादी माणूस या देशात होऊन गेला आणि त्याचं नावही आपल्याला माहीत नाही. पण हे मला नंतर सुचलं. त्या क्षणी मी आईकडे वळले. तिचं लसूण सोलणं थांबलेलं नव्हतं.

"तुला माहीत होतं?"

"होतं की," आई म्हणाली. "त्या गॅरंटी कार्डाचा रंग त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळीच खटकला. दुपारी तू झोपलीस तेव्हा उघडून बसले. मग सगळं बांधून दुकानात गेले. तो म्हणाला, ठेवून जा, मुंबईला पाठवावं लागेल, महिना-दीड महिना लागेल. हे तसेच घेऊन परत आले. मी म्हटलं, अहो, ठेवून का नाही आलात? तर म्हणाले, तोवर पोरगी काय भिंतीकडं बघत बसणार? तू उठायच्या आत आतून रद्द लिहून परत मांडूनसुद्धा ठेवलं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"लाजही वाटली असेल, खोटं कशाला बोलू. सगळ्या कॉलनीला ओरिजिनल म्हणून सांगून बसले होते." तिनं सोललेल्या पाकळ्या वाटीत टाकल्या. "तू ओरिजिनल पप्पा म्हणून चिडवायचीस ना, तेव्हा आत येऊन हसायचे माझ्यापाशी."

"आणि वैशालीच्या वाढदिवसाला?"

"त्या दिवशी नाही हसले," आई म्हणाली.

म्हणजे नकली साबण अंगाला लागू न देणारा माणूस पाच-सहा आठवडे रोज संध्याकाळी, माहीत असताना, एका नकली मशीनपुढे स्टूल ओढून बसला होता. मी त्यांना जे मोडायला लावलं असं समजत होते, ते त्यांनी दुसऱ्याच दिवशी स्वतः मोडलं होतं, माझ्यासाठी, आणि मला कळू न देता. माझं वाक्य मात्र तरीही मी बोललेच होते. रडू आलं ते मी आवरलं नाही. हर्षद बिचारा हातमोजे घातलेले हात कुठं ठेवावेत हे न कळून बसून राहिला.

मग त्यानं हातमोजे काढले. "मॅडम, खरं सांगू का? ऑर्बिकाचीपण कॉपी निघाली होती, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. ओरिजिनल चार-पाच जणांकडे आहेत. ही एकच असेल. मी ओरिजिनलपेक्षा जास्त द्यायला तयार आहे."

अखेर आमच्या ऑर्बिकाला बाजारात भाव आला, तो असा.

"स्क्रू परत बसवा," मी म्हटलं. "ते रद्द आहे. रद्द झालेलं दाराबाहेर जात नाही. तुम्हाला खेळायचं असेल तर इथं या."

त्यानं निमूटपणे स्क्रू बसवले. अनिकेतनं कुठून कुठून वायरी जोडून ते टीव्हीला लावलं, दोनदा कॅसेट फुंकली, आणि बर्फ आला, दोन छापांच्या ढगांसकट. एक रिमोट हर्षदनं घेतला, दुसरा मी. त्याचा माणूस सुसाट निघून गेला. "आई, पळव ना त्याला!" अनिकेत ओरडला. मी पहिल्या झेंड्यापाशी थांबले आणि तो नीट बघून घेतला, मग दुसऱ्यापाशी थांबले. अर्ध्या डोंगरावर माझं घड्याळ संपलं.